हाउसिंगमध्ये पाणी शिरतं ते आदल्या रात्री: कॅमेऱ्याची गळती टाळायची कशी आणि झालीच तर हाताळायची कशी

मालवण, नेत्राणी किंवा अंदमानहून परतलेल्या डाइव्हरांकडून दर हंगामात एकच तक्रार ऐकू येते: "हाउसिंग गळकं निघालं." (हाउसिंग म्हणजे कॅमेरा पाण्याखाली न्यायची जलरोधक पेटी.) मग मी आदल्या संध्याकाळपासूनचा क्रम विचारते. हाउसिंग कुठे बंद केलंत? होडीत. मध्ये उघडलं होतं का? हो, बॅटरी बदलायला. ओ-रिंग (दरवाजाच्या कडेची, पाणी अडवणारी रबरी रिंग) शेवटची कधी काढून पाहिली होती? "ती काढायची असते?" इथवर आलं की कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही.

हा लेख स्कूबा करताना हाउसिंग वापरणाऱ्यांसाठी आहे. हाउसिंग पॉलिकार्बोनेटचं पारदर्शक असो की ॲल्युमिनियमचं, क्रम तोच. मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत घालून स्कूबाला जाणाऱ्यांना एवढंच सांगते की ते करू नका. ती पिशवी फार तर स्नॉर्केलिंगपुरती असते आणि मोबाइलवरचं आयपी६८ हे गोड्या, स्थिर पाण्यातल्या चाचणीचं मानांकन आहे.

## आधी एक गोष्ट समजून घ्या: खोल पाणी हा शत्रू नाही

जितकं खोल जाऊ तितका गळतीचा धोका वाढतो, असं बहुतेकांना वाटतं. अनुभव उलटा आहे. खूपशा गळत्या पहिल्या दोन-चार मीटरमध्ये, पाण्याच्या पृष्ठभागावर किंवा चक्क धुवायच्या बादलीत होतात.

कारण साधं आहे. समुद्रात दर दहा मीटरला दाब सुमारे एक बारने वाढतो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो. हाउसिंगचा मागचा दरवाजा १५ बाय १० सेंटिमीटरचा धरला, तर दहा मीटरवर पाणी तो दरवाजा जवळजवळ १५० किलोच्या भाराने बाहेरून दाबत असतं. त्या दाबाने ओ-रिंग खोबणीत घट्ट बसते, म्हणजे तिथे पाणीच तुमचं हाउसिंग बंद ठेवत असतं. पृष्ठभागावर ही मदत नसते. तिथे फक्त कडीचा जोर आणि रिंगची स्वतःची लवचीकता कामी येते. रिंगवर केस आडवा पडला असेल, रिंगला पीळ असेल, किंवा कडीत काही अडकलं असेल, तर पाणी तिथूनच आत येतं.

म्हणून खालच्या टप्प्यांत सगळ्यात जास्त जागा आदल्या रात्रीच्या तयारीला दिली आहे.

## टप्पा १: जागा आणि हात

१. खोलीतला पंखा बंद करा. हे मी मुद्दाम पहिलं लिहिते. पंख्याखाली ओ-रिंग साफ करणं म्हणजे अंगण झाडताना पापड वाळत घालणं. धूळ, केस, चादरीचे तंतू सगळं तिच्यावरच येऊन बसतं. एसी असेल तर उत्तम, कारण त्यातली हवा कोरडीही असते. एसीचा झोत मात्र टेबलावर येऊ देऊ नका.

२. टेबल ओल्या फडक्याने पुसून वाळू द्या. वर चष्म्याच्या कापडासारखं गुळगुळीत, तंतू न सोडणारं कापड अंथरा. आंघोळीचा टॉवेल नको. नवा टॉवेल तर मुळीच नको.

३. केस बांधा. लोकरीचा किंवा फर असलेला कपडा अंगात असेल तर बदला.

४. हात साबणाने धुवा. सनस्क्रीन, खोबरेल तेल, डास पळवणारं क्रीम यातलं काहीही बोटांवर असता कामा नये. डासांच्या क्रीममधल्या डीईईटीने काही प्लास्टिकं विरघळतात आणि पारदर्शक हाउसिंगवर कायमचे डाग पडतात.

५. चांगला उजेड हवा. खोलीतल्या दिव्यावर अवलंबून राहू नका. हातातला टॉर्च तिरपा धरला की रिंगवरचा बारीक तंतू लगेच चमकतो, वरून पडणाऱ्या उजेडात तो दिसतच नाही.

## टप्पा २: आधी कॅमेरा पूर्ण तयार करा

हाउसिंगला हात लावण्याआधी कॅमेऱ्याची सगळी कामं संपवा. हा टप्पा लोक सोडून देतात आणि मग होडीत हाउसिंग उघडावं लागतं.

- बॅटरी पूर्ण चार्ज, कार्ड रिकामं.
- लेन्सचं झाकण काढलेलं, लेन्स पुसलेली.
- गळ्यात अडकवायचा पट्टा काढलेला. पट्ट्याचं टोक दरवाजात चिमटून झालेली गळती मी दोनदा पाहिली आहे.
- न वापरता कॅमेरा आपोआप झोपी जाईल अशी सोय चालू, म्हणजे एक बॅटरी दोन डाइव्ह पुरते.
- कॅमेरा मुळातच जलरोधक असेल तर त्याच्या बॅटरीची आणि कार्डाची दारं कुलूपबंद.

शेवटच्या मुद्द्यावर जरा थांबते. गोप्रो हीरो ९ ते १२ हे कॅमेरे हाउसिंगशिवाय १० मीटरपर्यंत चालतात आणि त्यांच्या डाइव्ह हाउसिंगची मर्यादा ६० मीटर आहे. ऑलिंपस टीजी-६ स्वतः १५ मीटरपर्यंत टिकतो, त्याचं पीटी-०५९ हाउसिंग ४५ मीटरपर्यंत. म्हणजे हाउसिंग गळलं तरी आत दुसरी भिंत असते. पण आतलं दार नीट लावलेलं असेल तरच ती भिंत. "बाहेर हाउसिंग आहेच" म्हणून ते दार अर्धवट सोडणाऱ्यांनी या कॅमेऱ्याचा सर्वांत मोठा फायदा फुकट घालवला. नवशिक्यांनी असाच कॅमेरा घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे.

तपासणी: हाउसिंगमध्ये ठेवण्याआधी कॅमेरा चालू करून एक फोटो काढा आणि बघा. मगच पुढे.

## टप्पा ३: ओ-रिंग काढणं, तपासणं, ग्रीस लावणं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून सावकाश वाचा.

काढताना. रिंगच्या एका सरळ बाजूला दोन बोटं थोडी अंतरावर ठेवा आणि एकमेकांकडे सरकवा. मधे रिंगचा छोटा फुगा उचलला जातो, तो धरून अलगद बाहेर काढा. जमत नसेल तर हाउसिंगबरोबर मिळालेला प्लास्टिकचा आकडा वापरा, नाहीतर जुन्या प्लास्टिक कार्डाचा कोपरा. टाचणी, सेफ्टी पिन, स्क्रू ड्रायव्हर वर्ज्य. त्याने रिंग तर फाटतेच, त्याहून वाईट म्हणजे खोबणीवर ओरखडा उठतो. रिंग बदलता येते, ओरखडा जन्मभर राहतो.

तपासताना. रिंग चिमटीत धरून पूर्ण फेरा फिरवा. डोळे मिटून फिरवली तर आणखी बरं, बोटांना जास्त कळतं. टोचणारा कण, खाच, चपटा झालेला भाग, कडकपणा शोधा. ओढून ताणून तपासू नका. ताणलेली रिंग लांबते आणि खोबणीत बसवताना तिचा फुगवटा दरवाजात चिमटतो. यातलं काहीही आढळलं तर रिंग टाकून द्या. "या ट्रिपपुरती चालेल" असा विचार मनात आला, तर कॅमेऱ्याची किंमत आठवा.

खोबण आणि समोरचा पृष्ठभाग. रिंग साफ झाली म्हणजे काम संपलं असं समजू नका. पुसायच्या जागा तीन आहेत: रिंग, ती बसते ती खोबण, आणि दरवाजा बंद झाल्यावर रिंग ज्याला टेकते तो समोरचा पृष्ठभाग. तिसरी जागा बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. खोबणीच्या कोपऱ्यात मिठाचे सूक्ष्म खडे जमतात. त्यासाठी कानातला कापूस वापरू नका, त्याचे तंतू तिथेच राहतात. गुळगुळीत कापडाचा कोपरा प्लास्टिक कार्डावर गुंडाळून फिरवा.

ग्रीस. ग्रीसने गळती थांबते हा गैरसमज फार पक्का बसला आहे. पाणी अडतं ते रिंग दाबली गेल्यामुळे. ग्रीसचं काम इतकंच की रिंग खोबणीत सहज सरकावी, कोरडी राहून पिळवटू नये. त्यामुळे मोठ्या रिंगला तांदळाच्या दाण्याएवढं ग्रीस पुरे. ते दोन बोटांत पसरवून रिंग त्यातून ओढून घ्या. रिंगवर ओलसर चमक दिसावी, पांढरा गोळा कुठेही दिसू नये. जास्त ग्रीस म्हणजे केस आणि वाळू धरून ठेवणारा डिंकच.

सावधान: हाउसिंग बनवणाऱ्याने दिलेलं किंवा सांगितलेलंच ग्रीस वापरा. रिंग सिलिकॉनची असेल आणि तिला चुकीचं सिलिकॉन ग्रीस लावलं तर ती फुगते आणि खोबणीत मावत नाही. व्हॅसलीन, खोबरेल तेल, गाडीचं ग्रीस यांचा विचारही नको. गोप्रोच्या हाउसिंगला असते तशी चपटी गॅस्केट ग्रीसशिवाय, कोरडी आणि स्वच्छच ठेवायची.

बसवताना. आधी चार कोपरे, मग मधल्या बाजू. एका टोकापासून सुरुवात करून ओढत गेलात तर शेवटी रिंग उरते किंवा अपुरी पडते. रिंगवर बारीक शिवण दिसत असेल तर ती सगळीकडे एकाच बाजूला आहे ना, बघा. ती मधेच वर-खाली गेली असेल तर रिंगला पीळ पडला आहे.

पोर्टची (लेन्ससमोरच्या पारदर्शक भागाची) रिंग, स्ट्रोब (पाण्याखालचा फ्लॅश) आणि टॉर्चच्या बॅटरीच्या झाकणाच्या रिंगा यांनाही हेच सगळं लागू. बटणांच्या दांड्यांवरच्या रिंगा मात्र घरी उघडू नका, त्या सर्व्हिसिंगवाल्याचं काम. बटण दाबल्यावर उसळी मारून वर येत नसेल किंवा कुरकुरत असेल तर तेच सर्व्हिसिंगचं निमंत्रण.

## टप्पा ४: बंद करणं

१. सिलिका जेलची पुडी ठेवा, पण दरवाजाच्या कडेपासून लांब, कॅमेऱ्याखाली दाबून. रंग बदलणारे दाणे असतील तर ते कोरड्या रंगाचे आहेत ना, पाहा. कोकणातल्या दमट हवेत उघडी राहिलेली पुडी एका रात्रीत निकामी होते.

२. बंद करण्याआधी रिंगवर टॉर्चचा शेवटचा एक फेरा. ब्लोअरने फुंका, तोंडाने नाही.

३. दरवाजा एका झटक्यात नको. हळू टेकवा, सगळीकडे सारखा टेकतोय ना बघा, मग कडी लावा. नेहमीपेक्षा जास्त जोर लागत असेल तर काहीतरी चिमटलं आहे. उघडा.

४. पारदर्शक हाउसिंगमध्ये दाबलेली रिंग काचेआडून एकसलग गडद रेघेसारखी दिसते. ही रेघ पूर्ण फेरा डोळ्यांनी तपासा. एखाद्या जागी ती तुटलेली, पातळ किंवा करड्या रंगाची दिसली तर तिथे केस किंवा तंतू आहे. ही अर्ध्या मिनिटाची तपासणी केली असती तर मी ऐकलेल्या निम्म्या गळत्या टळल्या असत्या.

५. कडीवर रंगीत टेप लावून त्यावर "बंद" आणि तारीख लिहा. होडीत मदत करणारा कोणीतरी "बघू दे" म्हणत कडी उघडतो. टेप दिसली की हात थांबतो.

## टप्पा ५: चाचणी

हाउसिंग महिनोन्महिने पडून होतं, नवं आहे, किंवा सर्व्हिसिंगहून आलं आहे? मग पहिली डाइव्ह कॅमेऱ्याशिवाय. आत कोरडा टिश्यू पेपर ठेवा, थोडं वजन ठेवा आणि खाली घेऊन जा. रिकामं हाउसिंग जोरात वर उसळतं: दोन लिटर पाणी बाजूला सारणाऱ्या हाउसिंगला पाणी साधारण दोन किलोच्या जोराने वर ढकलतं, त्यातून हाउसिंगचं स्वतःचं वजन तेवढं वजा. म्हणून वजन विसरू नका.

रोजच्या वापरात दोन मार्ग आहेत.

व्हॅक्यूम. हाउसिंगला झडप असेल तर पंपाने आतली थोडी हवा काढून घेतात आणि दाब टिकतो का पाहतात. आतला दाब २०० मिलिबारने उतरवला, तर हाउसिंगच्या दृष्टीने ते जमिनीवरच दोन मीटर पाण्याखाली गेलं. शिवाय नेमक्या धोक्याच्या उथळ पाण्यात रिंग दाबलेलीच राहते. निदान अर्धा तास तसंच ठेवा. पाच मिनिटांत व्हॅक्यूम दाखवणारा दिवा हिरवा दिसला म्हणून निघू नका, केसाएवढी गळती हळूच उतरते.

एक खुलासा: २४ अंशांच्या एसी खोलीत व्हॅक्यूम केलेलं हाउसिंग ३४ अंशांच्या होडीत आणलं की आतली हवा तापून दाब साडेतीन टक्क्यांच्या आसपास वाढतो. तेवढ्याने इशाऱ्याचा दिवा लागू शकतो. घाबरून लगेच उघडू नका. सावलीत, ओल्या कापडाखाली ठेवा, तापमान उतरल्यावर पुन्हा बघा. तरीही दिवा तसाच असेल तर ती डाइव्ह कॅमेऱ्याशिवाय करा.

बादली. झडप नसेल तर गोड्या पाण्याच्या बादलीत हाउसिंग दोन मिनिटं बुडवून सावकाश सगळ्या बाजूंनी फिरवा. सुरुवातीला बटणांच्या खाचांतून चार-दोन बुडबुडे येतील, ती अडकलेली हवा. एकाच जागेवरून मण्यांच्या माळेसारखे बुडबुडे येत राहिले तर बाहेर काढा, पुसा आणि टप्पा ३ पासून पुन्हा.

आत ओलावा ओळखून धोक्याचा इशारा देणारं यंत्र असेल तर त्याची छोटी बॅटरी बदला आणि ओलं बोट सेन्सरला लावून आवाज येतो ना, तपासा.

## टप्पा ६: होडीत

आपल्याकडच्या बहुतेक होड्या लहान. कॅमेऱ्यासाठी वेगळं टेबल किंवा धुण्याची टाकी नसते, सिलिंडर पायात लोळत असतात, खारे तुषार सतत उडत असतात. म्हणून एक झाकणाची बादली किंवा जुनी थर्मोकोलची पेटी न्या, तळाशी ओलं कापड घाला आणि हाउसिंग त्यातच राहू द्या. उन्हात ठेवू नका. तापलेली आतली हवा थंड पाण्यात गेली की काच आतून घामेजते.

कॅमेरा हातात घेऊन उडी मारू नका. आधी तुम्ही पाण्यात उतरा, बीसीडी (तरंगण्यासाठी हवा भरायचं जॅकेट) फुगवा, मग खलाशाकडून कॅमेरा घ्या. त्याला कुठे धरायचं हे निघण्याआधीच सांगून ठेवा: हँडल किंवा दोरी. कडी नाही, स्ट्रोबचा हात नाही.

दोन डाइव्हच्या मधे हाउसिंग उघडू नका. हे मी स्वतः मोडलं होतं, त्याची किंमत सांगते. नेत्राणीला पहिल्या डाइव्हनंतर बॅटरी अर्धी झाली होती. टॉवेलने हात पुसले, हाउसिंग उघडलं, बॅटरी बदलली, बंद केलं. दुसऱ्या डाइव्हला चार मीटरवर पोर्टच्या तळाशी एक थेंब दिसला. तो कॅमेरा कलल्याबरोबर गोळीसारखा घरंगळला आणि त्यामागे दुसरा आला. रात्री रिंग भिंगाखाली धरली तेव्हा माझाच एक केस तिच्यावर आडवा होता. दोन्ही कडांना मिठाची बारीक रेघ, मधला भाग रिंगमध्ये रुतलेला. ओल्या केसांतून टपकलेलं पाणी मी पुसलं होतं, त्याबरोबर आलेला केस दिसला नव्हता. कॅमेरा गेला. अर्धी उरलेली बॅटरी त्या डाइव्हला सहज पुरली असती.

## टप्पा ७: पाण्यात पहिली पाच मिनिटं

१. पृष्ठभागावर, खाली जाण्याआधी, हाउसिंग पूर्ण बुडवून मोजून पंधरा सेकंद ठेवा. उचलून पोर्टच्या तळाशी पाहा.
२. तीन मीटरवर थांबा. पुन्हा पाहा. बुडबुड्यांची सलग माळ कुठून येतेय का, हे जोडीदाराला बघायला सांगा. तुम्हाला हाउसिंगची खालची बाजू दिसत नसते.
३. पाच-सहा मीटरवर तिसऱ्यांदा. इथवर कोरडं असेल तर बहुतेक कोरडंच राहील.

धुकं की पाणी? काचेवर आतून सारखा पसरलेला धूसर थर म्हणजे बाष्प. हाउसिंग तिरपं केलं तरी तो जागा सोडत नाही. थेंब मात्र घरंगळतो. बाष्पासाठी डाइव्ह सोडायची गरज नाही, पुढच्या वेळी सिलिका जेल आणि कोरड्या खोलीची काळजी घ्या. घरंगळणारा थेंब एकच असला तरी ती गळती समजा.

## टप्पा ८: पाण्याखाली गळती दिसली तर

हा क्रम तोंडपाठ करा. ही वेळ येईल तेव्हा विचार करायला डोकं शांत नसतं.

१. श्वास. थांबा, श्वास सोडा, तरंगणं सावरा. खोली आणि हवा बघा. मगच कॅमेऱ्याकडे.

२. पोर्ट खाली. हाउसिंग असं धरा की शिरलेलं पाणी कॅमेऱ्याच्या अंगापासून लांब साचेल. मोठा पोर्ट किंवा डोम असेल तर लेन्स जमिनीकडे करा, पाणी डोमच्या वाटीत जमतं. लहान हाउसिंगमध्ये रिकामा कोपरा कुठला आहे हे आधीच बघून ठेवा.

३. बंद करा. एका बटणाने कॅमेरा बंद होत असेल तर करा. स्ट्रोबही.

४. जोडीदाराला खूण. तळहात डावी-उजवीकडे हलवून "काहीतरी गडबड", मग कॅमेऱ्याकडे बोट, मग अंगठा वर. दोघांनी मिळून वर. तारकर्ली-मालवणला प्रशिक्षकाच्या हाताखाली पहिलीच डाइव्ह करत असाल तर फक्त कॅमेऱ्याकडे बोट दाखवा आणि तो सांगेल ते करा.

५. नेहमीच्याच वेगाने वर. मिनिटाला नऊ मीटरपेक्षा जास्त नाही, पाच मीटरवर तीन मिनिटं सेफ्टी स्टॉप. त्या तीन मिनिटांत कॅमेऱ्यात पाणी चढताना दिसेल, तरी थांबायचं. वर धावताना श्वास रोखला गेला तर फुप्फुस फाटू शकतं, हवेचा बुडबुडा रक्तातून मेंदूत जाऊ शकतो. भरपाई कॅमेऱ्याची होते.

६. वजन. आत जितके लिटर पाणी शिरेल तितके किलो भार वाढतो. छोट्या हाउसिंगला हे जाणवणार नाही, मोठं ॲल्युमिनियमचं हाउसिंग मात्र नांगरासारखं ओढू लागेल. बीसीडीत थोडी थोडी हवा भरून सावरा, पण वर येताना तीच हवा प्रसरण पावते, ती सोडत राहा. सावरत नसेल तर दोरी सोडा आणि कॅमेरा जाऊ द्या.

सावधान: पृष्ठभागावर आल्यावर पाण्यातच हाउसिंग उघडून "बघू" नका. लाटांत ते पूर्ण भरेल.

## टप्पा ९: होडीवर पहिली दहा मिनिटं

आधी चेहरा दूर. खोलवर गळलेल्या हाउसिंगमध्ये दाबलेली हवा अडकलेली असू शकते. कडी सोडताच दरवाजा उडू शकतो. स्ट्रोब आणि टॉर्च याहून धोकादायक, कारण खाऱ्या पाण्यात बॅटरीतून वायू तयार होतो. झाकण स्वतःपासून आणि इतरांपासून दुसरीकडे वळवून, थोडं थोडं उघडा.

१. हाउसिंग बाहेरून पुसा, हात आणि केस पुसा.
२. साचलेलं पाणी खाली राहील असं धरून उघडा, कॅमेरा बाहेर काढा.
३. कॅमेरा चालू करून पाहू नका. हा मोह सगळ्यांना होतो आणि कॅमेरे यातच मरतात. बॅटरी जोडलेली असताना खारं पाणी सर्किटवर असेल तर तांब्याच्या रेघा झपाट्याने गंजतात.
४. बॅटरी काढा, कार्ड काढा. कार्ड गोड्या पाण्यात विसळून वाळवा, बहुतेक वेळा फोटो वाचतात.
५. कॅमेऱ्यावर फक्त तुषार असतील तर ओलसर, मग कोरड्या कापडाने पुसा. पाण्यात बुडवू नका.
६. खारं पाणी कॅमेऱ्याच्या आत गेलंच असेल तर ते आत वाळू देऊ नका. बॅटरी काढलेला कॅमेरा गोड्या पाण्यात बुडवून मीठ धुऊन काढणं हा वाचवण्याचा उरलेला एकमेव मार्ग, आणि लगेच दुरुस्तीवाल्याकडे. तिथे सर्किट आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करतात.

तांदळाच्या डब्यात ठेवायचा सल्ला तुम्हाला होडीतच कोणीतरी देईल. तांदळाने मीठ निघत नाही आणि पिठाची धूळ मात्र फटींत जाते.

भिजलेली लिथियम बॅटरी पुन्हा चार्ज करू नका. खोलीत, सामानात किंवा विमानात नेऊ नका. ती तापते, काही तासांनीही पेटू शकते. उघड्यावर, मातीच्या किंवा धातूच्या भांड्यात वेगळी ठेवा आणि ई-कचऱ्यात द्या.

रिंग पुसण्याआधी तिचे फोटो काढा, सगळ्या बाजूंनी. केस, वाळू, मिठाची रेघ जिथे दिसेल तिथून पाणी आलं. विम्याचा दावा करायचा असेल तर हेच फोटो लागतात. कारण सापडल्याशिवाय ते हाउसिंग पुन्हा पाण्यात नेऊ नका.

## टप्पा १०: कोरड्या डाइव्हनंतरही

बरंचसं नुकसान गळती न झालेल्या दिवशी पेरलं जातं. मीठ वाळायच्या आत, बंद हाउसिंग गोड्या पाण्यात अर्धा तास भिजत ठेवा आणि प्रत्येक बटण दहा-बारा वेळा दाबा. त्याशिवाय दांड्यांतलं मीठ निघत नाही. गावात विहिरीचं पाणी चालेल, पण ते मचूळ नाही ना, चाखून बघा. बादली एकट्याची ठेवा. पाच जणांचे कॅमेरे एकमेकांवर आपटून कडी सुटते आणि हाउसिंग किनाऱ्यावर भरतं.

उघडताना आधी स्वतः कोरडे व्हा. वेटसूटची बाही आणि डोक्यावरचे केस सगळ्यात जास्त टपकतात. दरवाजा खालच्या बाजूला करून उघडा, म्हणजे कडेला अडकलेले थेंब खाली पडतील, कॅमेऱ्यावर नाही.

विमानाने जाताना मोठी रिंग काढून छोट्या पाकिटात ठेवा आणि हाउसिंग कडी न लावता न्या. नाहीतर दाबातल्या फरकामुळे दरवाजा घट्ट बसतो आणि लोक तो स्क्रू ड्रायव्हरने उचकटतात. सुट्या लिथियम बॅटऱ्या केबिनच्या सामानातच, टोकांना टेप लावून.

पावसाळ्यात मालवणचं डाइव्हिंग बंद असतं आणि हाउसिंग चार महिने कपाटात जातं. दाबलेली रिंग तितके दिवस राहिली तर चपटी होते. ती काढा, हलकं ग्रीस लावून बंद पाकिटात, उन्हापासून दूर ठेवा. कॅमेरा आणि लेन्स सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात, नाहीतर काचेवर बुरशी धरेल. ऑक्टोबरमध्ये जुनी रिंग जादा म्हणून राखून नवी बसवा आणि पहिली डाइव्ह टिश्यू पेपरची.